दात दुधात ठेवा, हे सांगायचं कोणी?

पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी मी प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन शाळाशाळा फिरत होते. प्रबंधाचा विषय होता मुलांच्या दातांना होणाऱ्या इजा आणि त्याबद्दल शिक्षकांना असलेली माहिती. खेळताना मुलाचा पुढचा कायमचा दात मुळासकट निखळून पडला तर तुम्ही काय कराल? फेकून द्याल, नळाखाली धुवाल, रुमालात गुंडाळाल की दुधात ठेवाल? योग्य पर्यायावर खूण करा. एका शाळेच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत पीटीच्या सरांनी कागद भरून माझ्या हातात दिला आणि विचारलं, "मॅडम, मग बरोबर उत्तर काय?"

मला उत्तर माहीत होतं. पण सगळे कागद गोळा होईपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही, नाहीतर निष्कर्ष बिघडतील, असं आम्हाला बजावलेलं होतं, आणि शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. मी म्हटलं, "सर, नंतर येऊन सांगते." पुढे आकडे जुळवले, तक्ते केले, प्रबंध बांधून घेतला, परीक्षा झाली. त्या शाळेत मी परत गेले नाही. प्रबंधाच्या शेवटच्या पानावर मात्र मी लिहिलं होतं की शिक्षकांचं या विषयातलं ज्ञान अपुरं आहे आणि जनजागृतीची नितांत गरज आहे.

दात निखळल्यावर नेमकं काय होतं ते सांगते, कारण सगळा मुद्दा पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत आहे. दाताचं मूळ हाडात थेट रोवलेलं नसतं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये धाग्यांचा एक पातळ पदर असतो, मिलिमीटरच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा. दात उपटून पडतो तेव्हा हा पदर फाटतो आणि त्यातल्या काही पेशी मुळाला चिकटून बाहेर येतात. त्या जिवंत असतात. कोरड्या हवेत वाळून मरतात, आणि अर्ध्या तासात बहुतेक संपलेल्या असतात. त्याआधी दात खोबणीत परत बसला तर त्या पुन्हा धरतात. मेल्यावर बसवला तर दात दिसायला उभा राहतो, पण शरीर त्याचं मूळ हळूहळू खाऊन टाकतं आणि त्या जागी हाड भरत जातं. मुलाचा जबडा वाढत असतो, हा दात मात्र हाडाला जखडून तिथल्या तिथे राहतो. मग तो शेजारच्या दातापेक्षा आखूड दिसायला लागतो, आणि एक दिवस निघतोच.

ही काही काल-परवा लागलेली माहिती नाही. कोपनहेगनचे येन्स आंद्रेआसन यांनी सहकाऱ्याबरोबर 1966 साली अपघातात पडून परत बसवलेल्या 110 दातांचा अभ्यास छापला. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या दातांपैकी 90 टक्क्यांच्या मुळांची झीज दिसली नाही. दोन तासांनंतर बसवलेल्यांपैकी 95 टक्क्यांची झीज झाली. मग 1980च्या सुमारास स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की लगेच दात बसवणं जमलं नाही तर तो दुधात ठेवावा, त्यात या पेशी काही तास तग धरतात. दुधातलं क्षारांचं प्रमाण पेशींना मानवणारं असतं. साध्या पाण्यात पेशी पाणी ओढून फुगतात आणि फुटतात. म्हणजे ज्या वर्षी माझा जन्मही झाला नव्हता, त्या वर्षी त्या पीटीच्या सरांच्या प्रश्नाचं उत्तर तयार होतं.

आता माझा दवाखाना तालुक्याच्या गावी आहे. दोन वर्षांपूर्वी नऊ वर्षांचा एक मुलगा आला. दुपारी शाळेत पळताना तोंडावर आपटला होता. शाळेने घरी निरोप पाठवला, आई शेतातून आली, मग एसटी मिळाली, तोवर चार तास होऊन गेले. वरचा पुढचा दात नव्हता. आईने वहीच्या कागदाची पुडी उलगडली आणि दात माझ्या तळहातावर ठेवला. पांढराशुभ्र होता. "माती लागली होती, म्हणून साबण लावून चांगला घासून आणला, डॉक्टर," ती म्हणाली. तिने मनापासून जे केलं, त्यात मुळावरचं उरलंसुरलं सगळं निघून गेलं होतं. आम्ही दात तरीही बसवला, शेजारच्या दातांना तारेने बांधला, कारण निदान काही वर्षं तिथलं हाड टिकतं आणि मुलाला हसता येतं. पण तो दात जाणार, हे मला त्या क्षणी माहीत होतं आणि आईला सांगावं लागलं. शाळेत कोणीतरी दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलला असता, दुधात बुडवून घेतला असता आणि खोबणीत बसवून मुलाला रुमाल चावायला दिला असता, तर ते सांगायची वेळ बहुधा आली नसती.

आता या विषयावरचं संशोधन कुठे पोहोचलंय ते पाहा. शिक्षकांना किती माहीत आहे, पालकांना किती, पीटी शिक्षकांना किती, याच्या पाहण्या बंगळुरूत झाल्या, चेन्नईत झाल्या, मंगळुरूत, मुंबईत झाल्या. ब्राझील आणि जॉर्डनमध्येही झाल्या. निष्कर्ष इथून तिथून सारखाच, आणि शेवटची शिफारसही तीच. दुसरीकडे दात कशात ठेवावा यावर प्रयोगशाळेत पेशी मोजण्याचं काम चालूच आहे. नारळपाणी, अंड्यातलं पांढरं, कोरफड, मधमाश्यांचं प्रोपोलिस, सगळं करून झालं. आपल्याकडे चेन्नईच्या एका गटाने 2008 साली नारळपाणी दुधापेक्षा चांगलं ठरल्याचं छापलं, नंतरच्या काही अभ्यासांत ते आम्लधर्मी असल्यामुळे मागे पडलं. हे काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. नारळ असलेल्या किनारपट्टीवर कोणीतरी हा प्रश्न विचारायलाच हवा होता. पण ज्या गावात अजून दूधच माहीत नाही, तिथे दूध की नारळपाणी या वादाचा निकाल लागून त्या मुलाच्या तोंडात काय फरक पडणार?

आपल्या वैद्यकीय संशोधनात शेवटचा पल्ला कोणाच्याच नावावर नाही. प्रश्न शोधणं, उत्तर शोधणं, छापणं, यांपैकी प्रत्येकासाठी माणूस आहे, पैसा आहे, बढतीचे गुण आहेत. सापडलेलं उत्तर ज्याच्यासाठी शोधलं त्याच्या हातात नेऊन ठेवण्यासाठी पद नाही, निधी नाही, मुदतही नाही. एमडी, एमएस, एमडीएस करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो. महाविद्यालयातल्या अध्यापकांना बढतीसाठी शोधनिबंध लागतात. त्यामुळे निबंध होतात, भरपूर होतात. "जनजागृतीची गरज आहे" हे वाक्य लिहिलं की काम संपतं, आणि पुढच्या बॅचमधला विद्यार्थी त्याच गावात तीच गरज पुन्हा मोजायला निघतो.

माझा विषय दातांचा आहे, पण हीच गोष्ट मला माझ्याच दवाखान्यात त्वचेच्या बाबतीत पाहायला मिळाली. माझ्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशी कंबरेशी सारख्या खाजवत असत. विचारल्यावर पदरामागून एक चिमटलेली ट्यूब काढून दाखवली. मेडिकलमध्ये "गजकर्णाची ट्यूब द्या" म्हटलं की मिळते, सहा महिने लावत होत्या. लावली की दोन दिवसांत खाज थांबते, सोडली की दुप्पट येते. आता घरात सुनेला आणि नातवालाही झालं होतं. ट्यूबवर बारीक अक्षरात पाच औषधांची नावं होती: एक-दोन बुरशीची, एक-दोन जिवाणूंची, आणि क्लोबेटासोल, म्हणजे त्वचेवर लावण्याच्या स्टेरॉइडांपैकी सर्वांत जहाल गटातलं.

स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते, कारण ते शरीराचा प्रतिकारच दाबतं. बुरशीला रान मोकळं मिळतं. गजकर्णाची ती ओळखीची गोल कडा पुसट होते, चट्टे पसरतात, जांघेत कातडी पातळ होऊन भेगांसारखे पट्टे उमटतात. ते पट्टे आयुष्यभर जात नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ गेली दहा-बारा वर्षं हे ओरडून सांगताहेत. त्यांच्या संघटनेने स्टेरॉइडच्या गैरवापराविरुद्ध खास कृतिदल नेमलं, सरकारकडे पाठपुरावा केला. 2018 साली लावण्याच्या 14 स्टेरॉइडांना शेड्यूल एचमध्ये आणलं गेलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायद्याच्या पुस्तकात येत नाहीत. मावशींना चिठ्ठी कोणी विचारली नव्हती.

आणि याची किंमत आता जग मोजतंय. भारतीय उपखंडात पसरलेल्या, टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला अनेकदा न जुमानणाऱ्या बुरशीला 2020 साली जपानमधल्या संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. नावातच इंडिया आहे. 2023 साली न्यूयॉर्कमध्ये या बुरशीचे रुग्ण सापडले तेव्हा अमेरिकेच्या साथरोग केंद्राने जाहीर इशारा दिला. ही बुरशी एवढी का फोफावली, याच्या कारणांत तज्ज्ञ अशा मिश्र मलमांच्या बेछूट वापराला वरचं स्थान देतात. न्यूयॉर्कमध्ये दोन रुग्णांवर अहवाल निघतो. आमच्या तालुक्यात एका घरात तीन रुग्ण होते आणि त्यांना एवढंच सांगणारं कोणी नव्हतं की स्टेरॉइडची ट्यूब बंद करा, टॉवेल वेगळे ठेवा, कपडे उन्हात कडक वाळवा, आणि औषध तज्ज्ञ सांगतील तितके आठवडे, खाज थांबली तरी, चालू ठेवा.

तिसरी गोष्ट या दोन्हींपेक्षा जड आहे, आणि ती आपल्या मराठवाड्याची आहे.

1951 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाची कृष्णवर्णीय बाई गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली. उपचारांच्या वेळी तिच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता प्रयोगशाळेत नेला होता. त्या पेशी काचेच्या भांड्यात वाढत राहिल्या, आजही वाढताहेत. हेला पेशी म्हणून त्या जगभरच्या प्रयोगशाळांत गेल्या. 1980च्या दशकात जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने या कर्करोगामागचे एचपीव्ही विषाणू वेगळे केले, प्रकार 16 आणि 18. त्यातला 18वा हेला पेशींमध्येही सापडला. त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळालं. विषाणू कळला म्हणजे त्याची चाचणी आली. पण चाचणीने गावातली बाई वाचते का, हे दाखवायला गावातल्याच बायका लागतात.

त्या बायका उस्मानाबाद जिल्ह्यातल्या होत्या, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या. 1999 सालापासून टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तिथे 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांना अभ्यासात घेतलं. चार गट केले. एकाची एचपीव्ही चाचणी, एकाची पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, एकाची व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्याची नियमित तपासणी नाही, जे तिथे एरवी मिळत होतं तेवढंच. आठ वर्षांत चौथ्या गटातल्या 64 स्त्रिया या कर्करोगाने गेल्या. ज्यांची एकदा, आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही चाचणी झाली, त्या गटातल्या 34 गेल्या. 2009 साली हे निष्कर्ष छापून आले आणि जगभर या चाचणीची बाजू मांडताना त्यांचा आधार घेतला गेला. जागतिक आरोग्य संघटना आता एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती देते. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे मोठा वाद झाला. तो व्हायलाच हवा होता.

मला त्या वादापलीकडचा प्रश्न छळतो. कळंब, भूम, परंडा या भागातल्या बायकांच्या अंगावर जे सिद्ध झालं, ते त्यांच्या मुली-सुनांना सहज मिळतं का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 21 या काळात, देशातल्या 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीही झालेल्या स्त्रिया 1.9 टक्के निघाल्या. सरकारी कार्यक्रम 2016 पासून कागदावर आहे, त्यात व्हिनेगरची तपासणी आहे. तरी 1.9. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, 2017ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की संशोधनातून जे हाती येईल त्याचा लाभ ज्या समाजावर संशोधन झालं त्याला मिळायला हवा. त्या जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशी ओलांडलेल्या बाईला ही चाचणी फुकट मिळणं हे उपकाराचं काम नव्हे, ते फेडायचं राहिलेलं देणं आहे. महाराष्ट्रात चाचणीची सुरुवात कुठून करायची असा प्रश्न पडला तर माझ्या मते त्याचं एकच उत्तर आहे.

यावर माझे काही सहकारी म्हणतात की संशोधकाचं काम शोधणं, पोहोचवणं सरकारचं. प्रत्येक प्रयोगाला "याचा उपयोग काय" असं विचारत बसलात तर मूलभूत विज्ञान मरेल. दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. हेला पेशींशी झटणाऱ्यांना कोणी परंड्यातल्या बाईचा हिशोब मागितला असता तर विषाणू सापडलाच नसता. पेशी वाढवणाऱ्याला शांतपणे पेशी वाढवू द्याव्यात. माझं म्हणणं त्या संशोधनाबद्दल आहे जे स्वतःच लोकांबद्दल असतं. शिक्षकांना काय माहीत आहे, रुग्ण ट्यूब कुठून आणतात, बायका तपासणीला का येत नाहीत. इथे ज्यांना प्रश्न विचारले ते समोर बसलेले असतात. त्यांचा वेळ घ्यायचा, त्यांचं अज्ञान मोजायचं आणि उत्तर खिशात ठेवून निघून यायचं, हे मला आज अनैतिक वाटतं. मी ते केलंय, म्हणून जबाबदारीने म्हणते.

आणि सरकारचं काम म्हणाल, तर सरकारी महाविद्यालयातला विद्यार्थी आणि त्याचा मार्गदर्शक हेही सरकारच आहेत.

करण्यासारखं काय आहे? एथिक्स कमिटीपुढे जेव्हा माहितीची पाहणी करणारा प्रस्ताव येतो, तेव्हा तिने दोन गोष्टी लेखी मागाव्यात. हीच पाहणी याआधी कुठे झाली आणि तेव्हा काय निघालं. आणि कागद गोळा झाल्यावर त्याच लोकांना बरोबर उत्तर कधी, कुठे सांगणार. दुसरं नसेल तर परवानगी देऊ नये. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने ठरवलं तर एका परिपत्रकात हे राज्यभर लागू होईल. पहिल्या पाहणीनंतर शिकवलं आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहिलं, तर शास्त्रालाही ते आवडेल. केवळ "अपुरं आहे" म्हणण्यापेक्षा कशाने पुरेसं होतं हे कळेल.

शाळांसाठी नवी यंत्रणा उभारायची गरजच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली पालघरमधूनच सुरू झाला. त्याची डॉक्टरांची पथकं दरवर्षी शाळेत येतात, मुलांचे दातही बघतात. त्याच गाडीतून एक प्लॅस्टिकचं आवरण घातलेला कागद प्रत्येक शाळेच्या प्रथमोपचार पेटीत जाऊ शकतो. कापूस आणि आयोडिनच्या बाटलीशेजारी तो राहील. शिक्षकांवर आधीच नको तितकी कामं लादली आहेत, माझी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, मला ते घरबसल्या दिसतं. म्हणून आणखी एक प्रशिक्षण, आणखी एक रजिस्टर, आणखी एक फोटो अपलोड नको. एक कागद पुरे. मेडिकलच्या बाबतीत मात्र कागद पुरणार नाही. तिथे अन्न व औषध प्रशासनाने दुकानात उभं राहून चिठ्ठ्या तपासायला हव्यात, आणि त्यासाठी निरीक्षकांच्या रिकाम्या जागा भरायला हव्यात.

गेल्या वर्षी जूनपासून मी महिन्यातल्या एका शनिवारी शाळेत जाते. प्रश्नावली नेत नाही. पंधरा मिनिटं लागतात. दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताच्या कोंबाला धक्का लागतो. कायमचा दात पडला तर मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही, शक्य असेल तर तिथल्या तिथे बसवायचा, नाहीतर दुधात घालून मुलासकट लगेच दातांच्या डॉक्टरांकडे. पहिल्याच शाळेत एका बाईंनी विचारलं, "मॅडम, शाळेत दूध कुठून आणायचं?" मी वाचलेल्या एकाही निबंधात हा प्रश्न नव्हता. मी उत्तर शोधत होते तेवढ्यात मागच्या बाकावरून शिपाईमामा म्हणाले, "फाटकाबाहेर चहाची टपरी आहे की. त्याच्याकडे सकाळपासून पिशव्या असतात." दूध गार हवं, साखर घातलेलं नको, एवढं मी सांगितलं. आणि टपरी बंद असेल तर वाटीत मुलालाच थुंकायला सांगून दात त्या लाळेत ठेवा, हेही.

त्या कागदावर आता टपरीवाल्याचा मोबाइल नंबर लिहिला आहे. तो मुख्याध्यापकांनी स्वतः लिहिला. ज्या सरांना मी "नंतर येऊन सांगते" म्हटलं होतं, ते निवृत्त झाले आहेत असं कळलं. त्यांच्या शाळेची तारीख मी येत्या शनिवारची घेतली आहे.